माळ चीनची, दुकान कुडाळचं: आयात मालाने इजा झाली तर जबाबदार कोण?

कुडाळच्या बाजारात इलेक्ट्रिक सामानाचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी प्रश्न पाठवला आहे. गणपतीआधी त्यांनी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून एलईडीच्या माळा आणल्या. पावती कच्ची. खोक्यावर ‘मेड इन चायना’ आणि काही चिनी अक्षरं, बाकी काही नाही. चवथीच्या दुसऱ्या रात्री एका गिऱ्हाइकाच्या घरी माळेचा कंट्रोलर पेटला, मखराच्या कापडाने पेट घेतला आणि विझवायला गेलेल्या म्हातारीचा हात भाजला. तिचा मुलगा दुकानात येऊन एवढंच म्हणाला, ‘‘माझ्या आयशीचो हात भाजलो, तेचा काय ता सांगा.’’ मुंबईचा व्यापारी फोनवर म्हणतो, माल कस्टममधून सुटून आलाय, सरकारने पास केलाय, त्यांना विचारा. दुकानदारांचं म्हणणं असं की माळ मी बनवली नाही, परदेशातून आणली नाही, नुसती विकली. मग मी कसा अडकतो? शिवाय त्यांचा मुलगा म्हणतोय, पुढल्या वर्षी आपणच थेट चीनहून माल मागवू, मधला नफा वाचेल. ते करावं का?

माझं काम न्हावा शेवा बंदरातलं. आधी कस्टम क्लिअरिंग, आता बहुतेक वेळ आयातदारांचे बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, आणि लेबलचे घोळ निस्तरण्यात जातो. मी वकील नाही. पण माल बोटीतून उतरल्यापासून दुकानाच्या फळीवर येईपर्यंत कोणाचं नाव कुठल्या कागदावर असतं आणि कुठे गळतं, हे रोज बघतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गळतीतच आहे.

आधी सरळ उत्तर. कायद्याने पहिली जबाबदारी बनवणाऱ्याची. तो चीनमध्ये बसलेला असतो, म्हणून व्यवहारात ती माल देशात आणणाऱ्याची. त्याचंही नाव सापडत नसेल तर गिऱ्हाइकाच्या हातात माळ देणाऱ्याची, म्हणजे तुमची. कौलावरचं पाणी शेवटी पागोळीलाच येतं. ‘मी नुसती विकली’ हा बचाव कायद्याने पूर्ण बंद केलेला नाही, पण तो चालायला वर कोणीतरी ओळखीचं, हाताशी सापडणारं माणूस लागतं. तुमच्याकडे ते नाही.

आता ‘कस्टमने पास केला’ या वाक्याकडे येऊ, कारण ते मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा एकदा नीट निकाल लावायला हवा. न्हावा शेवा म्हणजे उरण तालुक्यातलं जवाहरलाल नेहरू बंदर, १९८९ साली सुरू झालेलं. तिथे उतरणारा प्रत्येक कंटेनर उघडून बघायचा ठरवला तर पनवेलपर्यंत ट्रेलरची रांग लागेल. म्हणून कस्टम कायद्यात २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे: माल कोणता, किंमत किती, ड्युटी किती, हे आयातदार स्वतः बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रात, लिहितो आणि त्याच्या खरेपणाची हमी तोच देतो. मग संगणकावरची जोखीम प्रणाली ठरवते कोणता कंटेनर तपासायचा. ज्यांचा नंबर लागत नाही ते ड्युटी भरून निघून जातात. ज्यांचा लागतो त्यांचीही तपासणी म्हणजे सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) काही खोकी फोडून माल वर्णनाशी जुळतो का, बंदी घातलेलं काही नाही ना, बीआयएस सक्तीचं असेल तर तो क्रमांक आहे का, एवढं बघणं. शंका आली तर अधिकारी नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतो. पण तुमच्या माळेची तार किती जाडीची, कंट्रोलरमध्ये काय बसवलंय, हे बघायला तिथे कोणी बसलेलं नसतं आणि ते कस्टमचं कामही नाही. आउट ऑफ चार्जचा शिक्का म्हणजे माल देशात न्यायला परवानगी. तो सुरक्षिततेचा दाखला कधीच नव्हता. मुंबईचा व्यापारी हे तुमच्याइतकंच, कदाचित जास्त चांगलं जाणतो.

सुरक्षिततेची अट वेगळ्या कायद्यातून येते. भारतीय मानक ब्युरोचा २०१६ चा कायदा. काही वस्तूंना आयएसआय मार्क सक्तीचा आहे: प्रेशर कुकर, हेल्मेट, पाणी तापवायचा रॉड, प्लग-सॉकेट. त्यात ब्युरोचे लोक कारखाना बघतात, मग तो भारतातला असो वा परदेशातला, आणि परवाना कारखान्याला मिळतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना, म्हणजे चार्जर, पॉवर बँक, मोबाइल आणि तुमच्या एलईडीच्या माळांनाही, दुसरी पद्धत लागू आहे: सक्तीची नोंदणी. बनवणाऱ्याने नमुना ब्युरोमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, अहवाल द्यायचा आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मालावर छापायचा. परदेशी कारखान्याला भारतात एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, तो याच कारणासाठी: उद्या काही झालं तर नोटीस कोणाच्या दारावर चिकटवायची? युरोपनेही डिसेंबर २०२४ पासून जवळपास तोच नियम केला, की युरोपात जबाबदार माणूस नसेल तर माल विकायचा नाही. पळवाट सगळ्या जगात एकच, म्हणून उपायही सारखेच.

बीआयएसच्या कायद्याचं १७ वं कलम तुम्ही स्वतः वाचावं असं मला वाटतं. सक्तीच्या यादीतली वस्तू मार्कशिवाय बनवायची नाही, आयात करायची नाही, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे लिहिलंय: वितरण करायचं नाही, विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, साठवायची नाही, विक्रीसाठी मांडायचीही नाही. म्हणजे ती माळ दुकानात नुसती टांगलेली असतानाच तुम्ही कलमात बसला होता. आग लागायची गरज नव्हती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात छापे पडतात ते मुख्यतः गोदामांवर, मोठ्या दुकानांवर. पण कोणाचा हात भाजल्यानंतर तुम्ही लहान आहात म्हणून कोणी कलम विसरत नाही.

नुकसानभरपाईचा मामला मात्र ग्राहक संरक्षण कायद्याचा. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष मालाने झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आलं, कलम ८२ ते ८७. आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार, तिघंही त्यात ‘विक्रेता’ याच एका शब्दात येतात. आयात करणारा आणि फळीवर ठेवणारा यांच्यात कायदा तिथे भिंत घालत नाही. मग विक्रेता कधी जबाबदार? कलम ८६ मध्ये पाच प्रसंग दिलेत. त्यातले दोन तुमच्यासाठी.

एक: बनवणारा कोण हे माहीत नाही, किंवा माहीत असून त्याला नोटीस बजावता येत नाही, तो भारतीय कायद्याखाली येत नाही, किंवा त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नाही. चिनी कारखान्याच्या बाबतीत यातलं काही ना काही नेहमीच खरं असतं. म्हणून आयात मालाचा विक्रेता हा मुळातच उघड्यावर उभा आहे.

दुसरा प्रसंग: विक्रेत्याने मालात बदल केला आणि त्या बदलामुळे इजा झाली. आता तुम्हीच आठवा. त्या माळेला चपटी चिनी पिन होती ना? ती आपल्या सॉकेटमध्ये सैल बसते, ठिणग्या मारते. आपले दुकानदार काय करतात, पिन कापतात आणि पाच रुपयांचा टू-पिन टॉप लावून देतात. गिऱ्हाइकावर उपकार म्हणून. ते जोडकाम तुमच्या दुकानात झालं असेल आणि आग टॉपपाशी लागली असेल, तर वर कितीही नावं सापडली तरी तुम्ही सुटणार नाही. आग कंट्रोलरमध्ये लागली असेल तर हा मुद्दा बाजूला पडतो. म्हणून आग कुठे सुरू झाली हे आधी बघा. जळालेली माळ गिऱ्हाइकाने फेकून दिली नसेल तर त्यांना सांगा, जपून ठेवा; तुमच्याही फायद्याची आहे.

माळा पेटतात का, हे दोन ओळीत सांगतो, कारण ग्राहक आयोगासमोर हाच प्रश्न येतो. दिवे इवलेसे असतात म्हणून लोकांना माळ कमी व्होल्टची वाटते. स्वस्त माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. कंट्रोलरच्या डबीतून ती सरळ २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेली असते, तारेचं आवरण पातळ, तांबं केसाएवढं. त्यात आपला भाद्रपद: भिंतीला ओल, हवेत खार, रात्री तीनदा लाइट जाते आणि येताना झटका देऊन येते. ती डबी मखराच्या कापडामागे दडवलेली, दीड-पाच दिवस रात्रंदिवस चालू. मानकाची चाचणी असते ती याच गोष्टींची, आवरण किती टिकतं, डबी किती तापते. विकणारा म्हणेल, गिऱ्हाइकाने कापडात का गुंडाळली? कलम ८७ मध्ये चुकीच्या वापराचा बचाव आहे खरा. पण सजावटीची माळ सजावटीत लावली, याला चुकीचा वापर म्हणायला कुठला आयोग तयार होईल असं मला वाटत नाही. कापडापासून दूर ठेवा असा इशारा खोक्यावर मराठीत, हिंदीत, निदान इंग्रजीत तरी होता का? चिनीत असेल.

आता गळतीकडे. मुंबईच्या व्यापाऱ्याला तुम्ही विचारलंत की आयातदार कोण, तर तो बहुधा नाव सांगणार नाही, आणि गंमत म्हणजे कित्येकदा त्यालाही ठाऊक नसतं. अशा मालाचा एक ठरलेला रस्ता आहे. दहा-पंधरा छोटे व्यापारी आपापली खोकी चीनमधल्या एका गोदामात पाठवतात. एजंट ती एका कंटेनरमध्ये भरतो: खेळणी, हेअरबँड, माळा, चपला, मोबाइलची कव्हरं. कंटेनर तिसऱ्याच कुणाच्या आयात-निर्यात क्रमांकावर, म्हणजे आयईसीवर येतो. ती फर्म कागदावर असते. पत्ता शोधत गेलात तर एखादी बंद खोली, शेजारी म्हणतात इथे कोणी येत नाही. बिल ऑफ एन्ट्रीत ‘प्लॅस्टिकच्या सजावटीच्या वस्तू’ असं काहीतरी मोघम लिहिलेलं, कारण एलईडी माळ म्हटलं की नोंदणी क्रमांक मागतील. व्यापाऱ्याला माल किलोच्या भावाने घरपोच मिळतो, ड्युटी-भाडं-सगळं धरून. त्याने कस्टमचा एकही कागद डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ‘कस्टममधून सुटून आलाय’ असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो; फक्त काय म्हणून सुटला, ते त्याला माहीत नसतं. २०१७ साली कस्टम कायद्यातल्या आयातदाराच्या व्याख्येत ‘लाभार्थी मालक’ हे शब्द घातले ते या कागदी फर्मांमागचा खरा माणूस पकडता यावा म्हणून. पकडला जातो कधी कधी. पण ती लढाई ड्युटीसाठी सरकार लढतं. कुडाळच्या म्हातारीच्या हाताचा हिशोब त्यात येत नाही.

म्हणूनच मी आग्रहाने सांगतो, लेबल वाचा. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम सांगतात की आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव आणि पत्ता, मूळ देश, माल बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल असलाच पाहिजे. लोक याला वजनमापवाल्यांचा छळ समजतात. दुकानदाराचा सगळ्यात स्वस्त विमा तोच आहे. आणि त्याहून बारीक गोष्ट: ज्या मालावर एखाद्या भारतीय कंपनीने स्वतःचा ब्रँड छापलाय, तो घ्या. कारण ग्राहक कायद्यात दुसऱ्याने बनवलेल्या मालावर आपलं चिन्ह लावणारा हा ‘उत्पादक’च धरला जातो. म्हणजे चीनमध्ये बनलेल्या, पण पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या माळेचा उत्पादक कायद्याच्या दृष्टीने भारतात बसलेला असतो. त्याला नोटीस बजावता येते, आदेश अमलात आणता येतो, आणि ‘बनवणारा सापडत नाही’ हे कलम तुमच्या डोक्यावरून निघून जातं. माळेमागे चाळीस रुपये जास्त जातील. जाऊ देत.

खोक्यावर आर-क्रमांक छापलेला असला तरी बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून बघा. मिनिटभराचं काम. क्रमांक चालू आहे का एवढंच बघून थांबू नका. कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी, कोणत्या ब्रँडला दिलाय तेही तिथे दिसतं. चार्जरचा क्रमांक माळेवर छापलेला मी पाहिला आहे. सीई असं लिहिलेलं असेल तर ते युरोपसाठीचं, तेही बनवणाऱ्याने स्वतःच लावलेलं. इथे त्याची किंमत शून्य. आणि खरा क्रमांक असला तरी तो नमुन्याच्या चाचणीचा आहे, तुमच्या हातातल्या नगाचा नव्हे. तेवढी शंका मनात ठेवूनच विका.

तुम्ही आत्ता काय करायचं? उरलेल्या माळा फळीवरून काढा, आज. पण फेकू नका, परत पाठवू नका. दोन-तीन नग खोक्यासकट बाजूला ठेवा, ते पुरावा आहेत. ज्यांना विकल्या त्यांना फोन करा. मुंबईच्या दुकानाला हे जमणार नाही, तुम्हाला जमेल. कुडाळ-पिंगुळी-माणगावचं गिऱ्हाईक तुम्ही नावाने ओळखता. हे नैतिकतेसाठी सांगत नाही. पहिली आग लागल्याचं कळूनही तुम्ही गप्प बसलात आणि दुसरीकडे पेटली, तर मग बनवणारा-आणणारा हा वाद उरतच नाही, सरळ तुमचा निष्काळजीपणा. मग मुंबईच्या व्यापाऱ्याला लेखी कळवा, स्पीड पोस्टाने. पक्कं बिल नाही म्हणता, पण पैसे यूपीआयने दिले असतील, व्हॉट्सॲपवर ऑर्डर असेल, ट्रान्सपोर्टची बिल्टी असेल. हे सगळं एका फाइलीत लावा. या कागदांवरूनच सिद्ध होईल की माळा त्याच्याकडून आल्या.

हे का लागतं? गिऱ्हाईक सिंधुदुर्गनगरीला जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. जिथे राहतो तिथेच तक्रार करायची सोय नव्या कायद्याने दिली आहे. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माळ अडीचशेची असली तरी मागणी हाताच्या उपचारांची, मनस्तापाची, जळालेल्या सामानाची असेल आणि ती अडीचशेच्या कितीतरी पट असू शकते. तुम्ही मात्र मुंबईवाल्याविरुद्ध त्या आयोगात जाऊ शकत नाही, कारण तुम्ही माल पुन्हा विकायला घेतला होता, कायद्याच्या भाषेत तुम्ही ग्राहक नाही. तुमच्यापुढे दोनच वाटा: दिवाणी न्यायालय, किंवा गिऱ्हाइकाने तक्रार केलीच तर त्यात मुंबईवाल्यालाही सामनेवाला करायला लावणं. दुसरी वाट जवळची, आणि ती गिऱ्हाइकाशी भांडण न होता बोलणी चालू असतील तरच मिळते. म्हणून म्हातारीच्या दवाखान्याचा खर्च आधी द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे वकील कदाचित म्हणतील, पैसे दिलेत म्हणजे चूक कबूल केलीत. माणुसकी म्हणून, हक्क राखून देत आहे असा एक कागद करून द्या. कुडाळसारख्या गावात दुकान चालवायचं तर दुसरा शहाणपणा नाही.

व्यापाऱ्याविरुद्ध सरकारी कारवाई हवी असेल तर कायदा जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार द्यायची सोय करतो. ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाऊ शकते. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत मागवायचे आदेश देता येतात, आणि आयएसआय नसलेल्या प्रेशर कुकरच्या प्रकरणात २०२२ साली त्याने बड्या ऑनलाइन कंपन्यांनाही दंड केला. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात होते. बीआयएस केअर ॲपवर मार्क नसलेल्या मालाची तक्रार करता येते. तिथे तुम्हीही त्या साखळीत आहात हे विसरू नका. जाण्याआधी वकिलाशी बोला.

याच ओघात आलेले दोन उपप्रश्न झटपट घेतो. रत्नागिरीकडचे, विशेषतः खेड-चिपळूण-दापोली पट्ट्यातले लोक विचारतात, आखातातून आणलेल्या मालाचं काय? घरच्यासाठी बॅगेतून इस्त्री आणली तर तिचे आयातदार तुम्हीच. दुबईच्या दुकानदारावर इथे दावा लावणं कागदावरच राहतं. एक धोका मात्र जरूर सांगतो. तिकडच्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगमध्ये आत फ्यूज असतो. इथे आणून तो प्लग कापला आणि आपला लावला की फ्यूज गेला, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि असा माल कुणी दुकानात ठेवून विकत असेल तर त्याच्या वर कोणीच नाही, ना आयातदार ना उत्पादक. तो एकटाच सगळं.

दुसरा प्रश्न सावंतवाडीच्या खेळण्यांचा. चितार आळीतल्या लाकडी फळांना आयएसआय लागतो का? खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून मार्क सक्तीचा आहे, पण हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. शेजारच्या फळीवरच्या बॅटरीच्या चिनी मोटारीला सूट नाही, आणि ती मार्कशिवाय विकली तर पुन्हा तेच १७ वं कलम. खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून आधी ६० आणि मग २०२३ मध्ये ७० टक्के झाली, त्यामुळे चोरवाटेने येणारा माल वाढायचा मोह जास्त आहे; स्वस्त मिळतंय म्हटल्यावर कान टवकारा.

आता तुमच्या मुलाचं. थेट आयात करू नये असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावरच आहे. पण त्याला वाटतं आपण मुंबईवाल्याचा नफा वाचवतोय. तो नफ्यासोबत मुंबईवाल्याची जागाही घेतो आहे, आणि मालावर तुमच्या दुकानाचा ब्रँड छापला तर कारखानदाराचीही. आयईसी ऑनलाइन निघते, ते सगळ्यात सोपं. त्यानंतर वजनमाप खात्याकडे आयातदार म्हणून नोंदणी. बीआयएसचा आर-क्रमांक तुम्हाला मिळत नाही, कारखान्याला मिळतो; म्हणून आधीच भारतासाठी क्रमांक घेतलेला कारखाना शोधा आणि तुमचा ब्रँड त्या नोंदणीत चढवून घ्यायला लावा. पहिल्या नमुन्यासारखाच माल कंटेनरमध्ये येईल असं धरू नका: नमुना चांगल्या तारेचा आणि कंटेनर केसाएवढ्या तारेचा, हा जुना खेळ आहे. माल भरण्याआधी तिथे तपासणी करणाऱ्या संस्था आहेत, त्यांचे पैसे किमतीत धरा. प्रत्येक लॉटवर क्रमांक टाका आणि दोन नग सीलबंद ठेवा, म्हणजे उद्या परत मागवायची वेळ आली तर सगळा माल मागवावा लागणार नाही. उत्पादन दायित्वाचा विमा काढा. आणि कोणी म्हणालं की तुमच्या आयईसीवर आमची चार खोकी येऊ द्या, किलोमागे एवढे देतो, तर मुलाने नाही म्हणायचं. काही घडलं तर त्या चार खोक्यांतल्या वस्तूंचे आयातदार तुम्हीच असता, न बघता, न विकता. क्रमांकाशिवाय सक्तीचा माल आणला आणि नंबर लागला तर जप्ती, दंड, आणि माल एकतर परत पाठवा नाहीतर नष्ट करा. तोवर सीएफएसचं भाडं आणि कंटेनर अडवून ठेवल्याचं शुल्क (डिटेन्शन) दिवसाला चढतच राहतं. माझ्या पाहण्यात कित्येकांना दंडापेक्षा त्या भाड्यानेच बुडवलं.

दोन-तीन वर्षं एखाद्या नावाजलेल्या आयातदाराचा पक्क्या बिलाचा माल विका, गिऱ्हाईक आणि खप समजून घ्या, मग ठरवा. आणि गिऱ्हाइकालाही पक्कं बिल द्या. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानात असेल तर काढा. बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं हे दोन्ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून नावानिशी लिहिलेले आहेत, आणि आयोगात पहिला फोटो त्या पाटीचाच दाखवला जातो.

आयोगाची नोटीस आलीच तर एक तारीख डोक्यात ठेवा: लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, आयोगाने मुदत वाढवली तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ही मुदत पक्की करून टाकली आहे. हे दिवस नोटीस आणि तक्रारीची प्रत हातात पडल्यापासून मोजतात. मुंबईवाल्याला सामनेवाला करा, हे पहिल्याच जबाबात लिहा, आणि ती बिल्टी, यूपीआयचा उतारा, बाजूला ठेवलेल्या माळांचे फोटो त्याच दिवशी जोडा.